आधीं अन्वय, मग आज्ञा

चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी त्या वेळीं आमच्या गांवापासून दूर, एका तालुक्याच्या शाळेंत शिक्षक होतों. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. एके सायंकाळीं एस. टी.च्या वाहकानें घरून आलेली एक चिठ्ठी माझ्या हातीं दिली. ती आमच्या वृद्ध चुलत्यांची होती. त्यांचा हात जुन्या मोडी लेखनावर बसलेला. त्यामुळें बाळबोध लिहितांनाहि शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं, सारी ओळ एका धारेंत. चिठ्ठींत एवढेंच होतें : 'आईबरीनाहींयेण्याचीघाई'.

मीं वाचलें, 'आई बरी, नाहीं येण्याची घाई.' मनाला स्वस्थ वाटलें. चिठ्ठीची घडी करून खिशांत ठेविली आणि पेपर तपासावयास बसलों. चुलत्यांनीं लिहिलें होतें, 'आई बरी नाहीं, येण्याची घाई'. पुढचें 'करावी' हें पद घरच्याच माणसाला लिहावयाचें म्हणून त्यांनीं गाळलें होतें. पांचव्या दिवशीं मी घरीं पोंचलों, तेव्हां ओटीवर मंडळी मुकाट्यानें बसली होती आणि माजघरांत आईच्या जागीं दिवा तेवत होता.

चुलत्यांनीं मला कधीं दोष दिला नाहीं, मींहि त्यांना दिला नाहीं. त्यांच्या लिहिण्यांत एकहि अक्षर चुकलें नव्हतें, माझ्या वाचण्यांत एकहि अक्षर गळलें नव्हतें. चुकला होता तो पदच्छेद. परीक्षेचें काम हातांत होतें, आई बरी असावी ही इच्छा मनांत होती, आणि डोळ्यांनीं त्या इच्छेच्या सोयीनें शब्द तोडले. वर्गांत मुलांना 'आधीं पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ' असें रोज बजावणाऱ्या मास्तरानें घरच्या चिठ्ठीचा अर्थ आधीं घेतला आणि पदें मागाहून त्याला जुळविलीं.

हें दुःख येथें उगाळण्याचा हेतु नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत संगणकशास्त्र शिकणारी माझी नात घरीं आली असतां तिनें मला एक निराळाच वाचक दाखविला. तो माणूस नव्हे. संगणकाच्या एका भाषेंत लिहिलेला मजकूर वाचणारी ती एक यंत्रणा आहे आणि तिचें नांवच मुळीं 'वाचक' असें आहे. तो कसा वाचतो हें समजून घेतांना मला ती चिठ्ठी पुनःपुन्हां आठवली. आज सुशिक्षित कुटुंबांत संगणक नाहीं असें घर विरळा. मुलें त्यावर तासन् तास काम करतात. पण आपण लिहिलेलें तें यंत्र वाचतें कसें, हा प्रश्न वडील मंडळींपैकीं फार थोड्यांना पडतो. म्हणून ह्या वाचकाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

ज्या भाषेचा हा वाचक, तिचें नांव लिस्प. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत जॉन मॅकार्थी ह्या गणितज्ञानें १९५८ सालीं तिची उभारणी आरंभिली, आणि १९६० च्या एप्रिलमध्यें तिच्यासंबंधींचा त्याचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला. तिच्या थोडी आधीं, १९५७ सालीं, फोर्ट्रान ही भाषा प्रचारांत आली होती. फोर्ट्रानमध्यें गणित आपल्या वहींतल्यासारखेंच लिहितात. दोन पदें आणि मध्यें चिन्ह. आतां २ + ३ × ४ ह्याचें उत्तर काय? 'कंचेभागुबेव' पाठ असलेला मुलगा १४ म्हणेल, कारण गुणाकाराचा मान बेरजेच्या आधीं. न शिकलेला मनुष्य डावीकडून करीत जाईल आणि २० म्हणेल. गुणाकाराचा हा मान त्या ओळींत कोठेंहि लिहिलेला नाहीं. तो वाचणाराच्या डोक्यांत असतो. आणि जो नियम कागदावर नाहीं, तो लिहिणाराच्या व वाचणाराच्या डोक्यांत सारखाच असेल अशी हमी कोण देणार?

लिस्पमध्यें हा संशय उत्पन्नच होत नाहीं. क्रिया आधीं, तिचीं पदें मागाहून, आणि त्या सर्वांभोंवतीं कंस, एवढीच तिची लेखनपद्धति. क्रिया आधीं लिहिण्याची ही युक्ति यान लुकासिएविच ह्या पोलिश तर्कशास्त्रज्ञाला १९२४ सालीं सुचली होती. आपल्या सोयीसाठीं चिन्हांऐवजीं मराठी शब्द घेऊन वरील उदाहरण लिहूं :

(बेरीज २ (गुणाकार ३ ४))

येथें उत्तर १४ च. ज्याला २० हवे असतील, त्यानें (गुणाकार (बेरीज २ ३) ४) असें लिहावें. कोणाचा मान आधीं हें पाठ करण्याची जरुरी उरली नाहीं. जें आंतल्या कंसांत, तें आधीं.

गंमत अशी कीं, मॅकार्थीचा मूळ बेत असा नव्हता. कंसांची ही लिपि यंत्राच्या पोटांतील सामग्री दाखविण्यापुरती, आणि माणसांनीं लिहावयाची भाषा निराळी, अधिक सुबक, असा त्याचा विचार होता. कोणतेंहि वचन घेऊन त्याचें मूल्य काढण्याची सर्वसाधारण रीति त्यानें निबंधांत मांडली, तीहि केवळ सिद्धांत म्हणून. त्याचा सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला कीं, ही रीति मी यंत्रावर उतरवितों. ही वाचण्यासाठीं आहे, चालविण्यासाठीं नव्हे, असें मॅकार्थीनें त्याला सांगून पाहिलें; पण रसेलनें ती आय. बी. एम. ७०४ ह्या संगणकावर खरोखरीच चालवून दाखविली. लोक कंसांच्या लिपींतच लिहूं लागले, ती त्यांच्या अंगवळणीं पडली, आणि ती सुबक भाषा कधीं पुरी झालीच नाहीं.

आतां वाचक हें वचन वाचतो कसें तें पाहूं. १९९४ सालीं अमेरिकेंत जिचें प्रमाण ठरविण्यांत आलें, त्या कॉमन लिस्प नांवाच्या शाखेची रीति मी सांगतों.

वाचकापुढें मजकूर येतो तो अक्षरांची एक लांबच लांब माळ म्हणून. पान, परिच्छेद, ओळ ह्यांचें त्याला कौतुक नाहीं. तो एका वेळीं एक अक्षर उचलतो आणि त्याचा अर्थ न पाहतां वर्ग पाहतो. पाणिनीनें व्याकरण सांगण्यापूर्वीं वर्णांची मांडणी पक्की करून घेतली, तसेंच हें. मुख्य वर्ग चार. पहिला, पद घडविणारीं साधीं अक्षरें व अंक. दुसरा, रिकामी जागा. ती एक असो वा दहा, किंवा नवी ओळ असो, मोल सारखेंच. तिसरा, अधिकारी चिन्हें; कंस, अवतरणचिन्ह, अर्धविराम इत्यादि. हीं समोर आलीं कीं प्रत्येकाचें ठराविक काम सुरू होतें. चौथा वर्ग सुटकेच्या चिन्हांचा. हीं पुढील अक्षराचा विशेष अधिकार काढून घेऊन त्याला साधें अक्षर करून टाकतात.

वरील उदाहरणांत पहिलें अक्षर उघडणारा कंस. तो दिसतांच वाचक मनाशीं म्हणतो, 'यादी सुरू झाली; हिचा मिटणारा कंस येईपर्यंत एक एक घटक वाचावयाचा.' आणि तो घटक वाचण्यासाठीं तो स्वतःलाच पुन्हां कामास लावतो. पुढें 'बे' येतें, 'री' येतें, 'ज' येतें. हीं तो ओंजळींत जमवीत राहतो. रिकामी जागा आली कीं पद संपलें. मग तें पद समग्र पाहून तो विचारतो, ही संख्या आहे काय? नसेल तर हें नांव. ह्याच रीतीनें '२' ही संख्या ठरते. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पद पुरें होण्याआधीं वाचक निर्णय करीत नाहीं. '-५' ही संख्या. पण नुसतें '-' हें नांव. '१२' ही संख्या. पण '१+' हें कॉमन लिस्पमध्यें एक वाढविणाऱ्या क्रियेचें नांव आहे. पहिलें अक्षर अंक दिसलें म्हणून जो घाईनें 'संख्या' म्हणेल, तो फसेल.

'२' च्या पुढें दुसरा उघडणारा कंस येतो. बाहेरची यादी अर्धवट आहे. तिला तशीच थांबवून वाचक आंतली यादी हातीं घेतो. 'गुणाकार', '३', '४' हीं पदें जमतात. '४' ला लागूनच मिटणारा कंस आहे, मध्यें जागा नाहीं. तरी अडत नाहीं, कारण कंस आपल्या अधिकारानें '४' ला संपवितो आणि आंतली यादी मिटवितो. ती संपूर्ण यादी बाहेरच्या यादीचा तिसरा घटक होते. शेवटचा कंस बाहेरची यादी मिटवितो. संस्कृत गद्यांतील लांब वाक्यांत मुख्य कर्ता हातांत धरून ठेवून मधलीं विशेषणवाक्यें एक एक उलगडावीं लागतात, हें ज्यांनीं केलें आहे त्यांना ही क्रिया नवीन वाटणार नाहीं.

नांवांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पद नांव ठरलें कीं वाचक आपल्या नोंदवहींत पाहतो. नोंद असेल तर तीच व्यक्ति. नसेल तर नवी नोंद. शाळेच्या हजेरीपटांत एक नांव एकदांच लिहितात आणि मग वर्षभर हांक मारली कीं तोच मुलगा 'हजर' म्हणतो, तसेंच येथें एक नांव शंभर ठिकाणीं आलें तरी तें एकाच व्यक्तीचें.

एवढें सर्व झालें तरी बेरीज झालेली नाहीं, आणि गुणाकारहि झालेला नाहीं! वाचकानें फक्त रचना उभी केली : तीन घटकांची यादी, तिचा तिसरा घटक पुन्हां तीन घटकांची यादी. ही रचना तो दुसऱ्याच्या हवालीं करतो. तो दुसरा, म्हणजे रसेलनें यंत्रावर उतरविलेला मूल्यकर्ता, आज्ञा पाळतो आणि १४ हें उत्तर काढतो. तिसरा तें छापतो. वाचणें, पाळणें, छापणें, पुन्हां वाचणें. वाचणाराला पाळण्याची घाई नाहीं, आणि पाळणाराला अर्धें वाचलेलें कांहीं मिळत नाहीं.

हें मला पटलें तें एका फजितीमुळें. नातीनें मला कळफलकापुढें बसविलें. मीं एका बोटानें (बेरीज २ (गुणाकार ३ ४) एवढें लिहिलें आणि कळ दाबली. कांहींच झालें नाहीं. पुन्हां दाबली, यंत्र मुकें. मीं म्हटलें, "बाळ, हें तुझें यंत्र माझ्या हातून बिघडलेलें दिसतें."

ती हंसून म्हणाली, "आजोबा, बिघडलेलें नाहीं. तुमचें वाक्य पुरें व्हायची तें वाट बघतंय."

एक मिटणारा कंस राहिला होता. तो लिहून कळ दाबतांच १४ उमटले. मी कंस विसरलों म्हणून वाचकानें तो आपल्या पदरचा घातला नाहीं. माझ्या मनांत काय असेल ह्याचा तर्कहि केला नाहीं. तो थांबला. उलट एखादा मिटणारा कंस जास्त झाला, तर तो चूक म्हणून सांगतो. कंस मोजण्याचा कंटाळा पुष्कळांना येतो हें खरें. इंटरलिस्प नांवाच्या शाखेंत तर उघडे राहिलेले सारे कंस एकदम मिटविणारा चौकोनी कंस ठेविला होता. परंतु तेथेंहि मिटवावयाचे कोठें, हें लिहिणारानेंच सांगावयाचें.

आमच्या शास्त्रकारांना ह्या कंसांचें महत्त्व ठाऊक होतें. फक्त ते कंसाचें काम स्वराकडून करवून घेत. त्वष्ट्याची कथा प्रसिद्ध आहे. इन्द्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें यज्ञ केला. परंतु 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दाचा स्वर चुकला. त्यामुळें इन्द्राला मारणारा हा तत्पुरुष न होतां, इन्द्र ज्याला मारणारा आहे असा बहुव्रीहि झाला, आणि वृत्र जन्मला तो इन्द्राच्या हातून मरण्यासाठींच. अक्षरें तींच, रचना निराळी, आणि फळ उलटें. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं हें उदाहरण घेतलें आहे तें उगीच नव्हे.

दुसरें साम्य ह्याहून सूक्ष्म आहे. लिस्पमध्यें एखाद्या वचनाच्या आधीं एक लहानसें उद्धरणचिन्ह लिहितात. वाचक तें पाहून त्या वचनाभोंवतीं 'उद्धृत' अशा अर्थाची एक यादी गुंडाळतो, आणि मग मूल्यकर्ता आंतील आज्ञा न पाळतां तें वचन जसेंच्या तसें हातीं देतो. पाणिनीनें पहिल्याच अध्यायांत सांगून ठेविलें आहे कीं, व्याकरणांत शब्दानें त्याचें स्वतःचें रूप समजावें. अग्नीला प्रत्यय लावा म्हटलें, तर तो 'अग्नि' ह्या शब्दाला लावावयाचा, निखाऱ्याला नव्हे! शब्द वापरणें आणि शब्दाविषयीं बोलणें ह्यांतील हा भेद लिस्पनें एका चिन्हांत बांधला आहे.

मात्र ह्यावरून संगणकाचें सर्व ज्ञान आमच्या ग्रंथांत होतेंच असा डंका वाजविण्याचें कारण नाहीं. लिस्पचा वाचक अष्टाध्यायीवरून केलेला नाहीं. खरा ऋणनिर्देश झाला आहे तो असा : जॉन बॅकस ह्यानें भाषेची रचना नियमांनीं सांगण्याची एक पद्धति काढली, ती १९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालांत पीटर नाउर ह्यानें वापरली, आणि १९६७ सालीं पीटर इंगरमन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें असें सुचविलें कीं, ह्या पद्धतीला बॅकसबरोबर पाणिनीचेंहि नांव द्यावें. एवढा मान खरा आहे आणि पुरेसा आहे.

आतां ह्या वाचकाची उणीव सांगितली पाहिजे. नाहीं तर ही ओळख एकांगी होईल. वाचणें आणि पाळणें ह्यांच्यामधील जी भिंत मीं वर वाखाणली, तिला कॉमन लिस्पमध्यें एक खिडकी ठेविलेली आहे. एका ठराविक चिन्हजोडीच्या पुढें आलेलें वचन वाचक वाचतां वाचतांच अमलांत आणवितो. घरच्या माणसानें घरच्या सोयीसाठीं वापरली तर ही खिडकी उपयोगी आहे. परंतु परक्या ठिकाणाहून आलेला मजकूर नुसता वाचून पाहावा म्हणून घेतला आणि त्यांत कोणी ही जोडी पेरून ठेविली असली, तर केवळ वाचण्यानेंच घात होतो. खिडकी मुळांत उघडीच असते. तिला बंद करण्याचा खटका आहे, पण तो आठवणीनें लावावा लागतो. शहाणा प्रोग्रॅमकार परका मजकूर वाचण्यापूर्वीं तो लावतोच. नातीनें हें सांगितलें, तेव्हां मला मोबाइलवर येणारे ते निरोप आठवले, जे वाचतांक्षणींच कांहीं तरी करावयास सांगतात. आणि आपल्यापैकीं किती तरी शहाणीं माणसें वाचणें संपण्याच्या आधींच तें करून मोकळीं होतात.

दुसरी मर्यादा अशी कीं, वाचक रचना तपासतो, हेतु तपासत नाहीं. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यामागें 'धरावें' ह्या पदांतील 'ध' चा 'मा' करण्यांत आला अशी आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. लिस्पच्या वाचकापुढें तें पत्र ठेविलें असतें, तर त्यानें निमूटपणें वाचलें असतें. 'धरावें' हें जसें निर्दोष पद, तसेंच 'मारावें' हेंहि. लिहिणारानेंच खोटें लिहिलें, तर वाचकाच्या काटेकोरपणानें तें खरें होत नाहीं.

परंतु माझ्या चुलत्यांनीं खोटें लिहिलें नव्हतें, आणि म्हणून ती चिठ्ठी वाचकापुढें ठेवण्याचा विचार माझ्या मनांतून जाईना. एके रात्रीं मीं नातीला ती गोष्ट सांगितली. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें कागद घेऊन दोन ओळी लिहिल्या :

((आई बरी) (नाहीं येण्याची घाई))

((आई बरी नाहीं) (येण्याची घाई))

अक्षरें तींच, क्रम तोच. कंस मात्र निराळ्या जागीं. "आजोबा," ती म्हणाली, "कंस आणि मोकळ्या जागा नसत्या, तर आमच्या वाचकालाहि ती चिठ्ठी कळली नसती. त्यानें सगळी ओळ एकच लांब नांव म्हणून धरली असती. पण त्यानें स्वतःहून ती तोडली नसती."

तिचें म्हणणें बरोबर होतें. त्या यंत्राला माझ्याहून अधिक समजत होतें असें नाहीं. त्याला माझ्याहून फारच कमी समजतें. त्याला आई नाहीं, परीक्षेचें काम नाहीं, आणि म्हणून सोयीचा अर्थहि नाहीं. आपणांस हीं सर्व आहेत, आणि तीं असावींतच. परंतु नेमक्या ह्याच कारणासाठीं, घरच्या माणसाचें पत्र असो, वैद्याचें औषधपत्र असो कीं वांटणीचा कागद असो, तो हातीं आला कीं आधीं शेवटपर्यंत वाचावा. दोन रीतींनीं तुटतो कीं काय तें पाहावें. तुटत असेल तर लिहिणाराला विचारावें. आणि मग काय करावयाचें तें करावें. एका निरोपाचा खर्च आणि एका रात्रीचा प्रवास, एवढ्यांत माझें काम झालें असतें.

चिठ्ठी अजून माझ्या पेटींत आहे. नातीच्या दोन ओळींचा कागद मीं तिच्याच घडींत ठेविला आहे. दिवाळी आटोपून नात पुण्यास गेली, त्या रात्रीं माझ्या मोबाइलवर तिचा निरोप आला. मीं तो दोनदां वाचला. त्यांत तीन वाक्यें होतीं, आणि प्रत्येकाच्या शेवटीं पूर्णविराम होता : 'पोंचलें. बरी आहे. काळजी नसावी.'